पहिली सहा स्थळं

आमच्या भगवानदादासमोर कोणी लग्नाच्या स्थळाचा विषय काढला की तो उठून बाहेर जायचा. चिखलीच्या शाळेत त्यानं जन्मभर गणित शिकवलं. अर्ध्या तालुक्याची पोरं त्याच्या हाताखालून गेली. त्या पोरांच्या लग्नपत्रिका यायच्या, हा मांडवात जाऊन अक्षता टाकायचा आणि मागच्या मागं निघून यायचा. लोक म्हणायचे, मास्तर मोठा तुसडा माणूस. तुसडा नव्हता हो, लाजत होता. त्या लाजेचं कारण मी सांगते, कारण माझ्याइतकं ते कोणालाच ठाऊक नाही. मी त्याची सख्खी बहीण शालू, आणि तो सगळा गोंधळ माझ्याच लग्नाचा.

आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. वडील, पुंजाजी, मी तिसरीत असतानाच गेले. मायनं, झुंबरबाईनं, शेत सांभाळलं आणि दादाला अमरावतीला कॉलेजात घातलं. गावातला पहिला बी.एस्सी. तोच. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावोगाव शाळा निघत होत्या आणि गणिताला मास्तर मिळत नव्हता. दादा परत आला तो सरळ शाळेत चिकटला. अंगानं काडी, बाह्या कायम खडूनं पांढऱ्या. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून कुठं तरी बघत बसायचा. माय म्हणायची, "खाय बाबू, तुयं गणित काही पळून नाही जाऊन राह्यलं."

अमरावतीला त्याचे एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडे परदेशातली मासिकं यायची. सुट्टीत दादा त्यांच्याकडे जाऊन आला की येताना काहीतरी नवीन खूळ डोक्यात भरून आणायचा. त्या खेपेला त्यानं आणलं ते निवडीचं गणित. माणसानं बाजारात कधी घ्यावं, कधी विकावं, पैसा कशात किती लावावा, याचंही म्हणे गणित असतं आणि मोठमोठे विद्वान ते मांडत बसलेत. आम्हाला त्यातलं काय कळणार? पण त्याला कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून ओट्यावर बसून तो मायला आणि मला शिकवायचा.

"समज माय, कापूस विकायचा हाये. हंगामात सोळा बाजार भरतात. दर बाजाराले एक भाव निघते. त्या दिवशी देला तं देला, नाही देला तं तो भाव गेला, मागून भेटत नाही. मंग कोणत्या बाजाराले विकाव?"

"ज्या दिवशी भाव चांगला असन त्या दिवशी," माय म्हणाली.

"पण चांगला म्हणजे किती, हे कसं कळन? पुढचे भाव तं आपल्याले दिसत नाहीत."

"मंग देवाले इचार."

दादा हसला. म्हणाला, याचं उत्तर आहे. सोळातले पहिले सहा बाजार नुसते बघायचे. कितीही चांगला भाव निघो, विकायचं नाही. त्या सहांतून माप कळतं. सातव्यापासून पुढं, आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा वरचा भाव जिथं पहिल्यांदा निघेल तिथं डोळे मिटून माल द्यायचा. दर वेळी हे साधतंच असं नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगायचा. पण आंधळेपणानं निवडायचं असेल तर याहून चांगली रीत नाही, हे कागदावर सिद्ध झालेलं होतं.

आणि त्या वर्षी नेमकं साधलं. कापूस घरात रचून ठेवलेला, उंदरांचा सुळसुळाट, माय रोज कुरकुर करायची. दादा दर बाजाराला चिखलीला जायचा, हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव ऐकायचा आणि हात हलवत परत यायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केव्हाच विकून टाकलं, आम्हाला हसले. मग एका बाजाराला भाव चढला, दादानं गाड्या भरल्या आणि सगळा कापूस देऊन टाकला. त्यानंतर भाव जो पडला तो उन्हाळ्यापर्यंत वर आलाच नाही. झालं. गावभर मास्तरचं नाव. लोक ओट्यावर येऊन विचारायला लागले, "मास्तर, तूर आज काढू का थांबू?" तोही सगळ्यांना बसवून सांगायचा, सगळा पैसा एका कापसात घालू नका, थोडा ज्वारीत राहू द्या, थोडा पोस्टात टाका. दादा काही फुगून गेला नाही, तो स्वभावच नव्हता त्याचा. पण त्याचा गणितावर जो विश्वास बसला तो भलत्या ठिकाणी बसला.

पुढच्या दिवाळीनंतर माझं बघायला लागले. मी सातवी पास, रंगानं सावळी, पण अंगापिंडानं बरी. घरी तीस एकर जमीन, भाऊ मास्तर. स्थळं आणायचं काम मायच्या भावाकडे, कारभारीमामाकडे. मामा बोलघेवडा. ओट्यावर पान लावता लावता म्हणाला, "झुंबरबाई, तू काळजी नको करू. या वर्षात सोळा घरं आणतो का नाही बघ."

सोळा म्हटल्याबरोबर दादाचा हात भाकरीवर थांबला. मला आजही दिसतो तो तसा. मी चुलीपुढं होते, मला काय ठाऊक त्याच्या डोक्यात काय शिजतंय.

त्यानं ठरवलं की पहिली सहा स्थळं नाकारायची. कोणीही असो. त्यातून माप कळेल, आणि मग सातव्यापासून पुढं जो आधीच्या सगळ्यांहून सरस निघेल त्याला शालू द्यायची. जमीन, शिक्षण, स्वभाव, सासू कशी, गाव किती लांब, सगळ्याला तो मनात गुण देत होता. हे त्यानं मामाला सांगितलं नाही, मला तर नाहीच. मायला सांगितलं तेही चौथं स्थळ येऊन गेल्यावर.

मुलगी बघणं म्हणजे काय असतं ते आताच्या पोरींना सांगून कळायचं नाही. मान खाली घालून पाटावर बसायचं. नाव सांग. चालून दाखव. सुईत दोरा ओव. कोणी तरी म्हातारी हनुवटी धरून तोंड वर करते आणि उजेडाकडे फिरवते. पहिली तीन स्थळं अशी येऊन गेली. त्यांचे होकार आले का नकार, मला कोणी सांगितलं नाही. मामा नुसता म्हणायचा, "नावरास नाही जुळली." आमच्यात पत्रिका कोण काढतं? नावावरून रास बघायची, जुळली तर पुढं जायचं. आणि नाही म्हणायचं झालं की तेच कारण पुढं करायचं, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. मला वाटायचं, माझीच रास खोटी.

चौथं स्थळ डोणगावचं. मुलाचे वडील पंजाबराव, आई अन्नपूर्णाबाई आणि मुलगा नारायण. मेहकरला बस बदलून आले होते. अन्नपूर्णाबाईंचे गुडघे धरलेले, स्टँडपासून आमच्या घरापर्यंत त्या दोनदा दगडावर बसल्या म्हणे. नारायण मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शेती करायचा, विहिरीवर नवीन डिझेल इंजिन बसवलेलं. पंजाबराव म्हणाले, "पोरीले काही वाचाले लावा." तर नारायणच मध्ये बोलला, "मास्तरची बहीण हाये, वाचताच येत असन. बसू द्या तिले."

मी आत गेले.  पोहे वाढून दिले तेव्हा कळलं की घाबरून मी मीठ दोनदा टाकलं. आता काय करावं? तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून नारायण रांजणापाशी आला. मी दाराआड उभी. तो तिकडंच तोंड करून हळूच म्हणाला, "पोहे खारट झाले. पण म्या दोन ताटल्या खाल्ल्या, मनजे कोणी बोलाले नको." आणि तांब्याभर पाणी पिऊन निघून गेला. मी तिथंच बसकण मारली. सांगायला आता कसली लाज? मला तो आवडला. त्या घडीपासून आवडला.

आठ दिवसांत त्यांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे. मायनं देवापुढं गूळ ठेवला. आणि दादा म्हणाला, नाही म्हणून कळवा.

पुढचं बोलणं मायनं मला फार नंतर सांगितलं. माय म्हणाली, "बाबू, पोरगा चांगला हाये, माणसं चांगली हायेत, तुयं म्हणणं तरी काय?"

"चांगला हाये म्हणूनच तं. त्याच्यामुळं आपल्याले चांगलं माप भेटलं. आता याच्यापेक्षा चांगला येईन तेव्हा आपल्याले वळखू येईन."

"आणि नाही आला तं?"

"बारा बाकी हायेत माय."

माय अडाणी बाई, मास्तर झालेल्या लेकापुढं किती बोलणार? मामानं डोणगावला निरोप धाडला, नावरास जुळत नाही. मला सांगितलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले. रडून झाल्यावर शेणाच्या पाट्या उचलल्या. आणखी काय करणार होते?

पाचवं, सहावं स्थळ येऊन गेलं. त्यातल्या एकाला मीच पसंत पडले नाही. आणि सहा झाल्यावर, म्हणजे दादाच्या मते खरी निवड जिथून सुरू व्हायची, तिथून स्थळं यायचीच थांबली. मामा ज्या घरी जाईल तिथं चहा मिळायचा, आणि बोलणं पाऊसपाण्यावर जायचं. आमच्याकडची माणसं चिखलीच्या बाजारात एकमेकांना भेटतात, एकाच एसटीत बसतात, एकमेकांच्या मांडवात जेवतात. पाच घरांना आम्ही नावरास जुळत नाही म्हणून कळवलं होतं आणि ती पाचही घरं एकमेकांशी बोलली होती. एका मुलीची रास एवढ्या घरांशी जुळू नये? म्हणजे रास नाही, दुसरंच काहीतरी आहे. कोणी म्हणालं फिट येते. कोणी म्हणालं अंगावर कोड आहे, भाऊ शिकलेला म्हणून फसवत नाही, तोच आधी नाही म्हणतो बिचारा. दादाची अब्रू राखून माझी गेली बघा.

सातवं स्थळ आलं ते फाल्गुनात. मुलाची आत्या होती बरोबर, थोराड बाई. पाटावरून उठवून तिनं मला माजघरात नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "चोळी काढ." मी मायकडे बघितलं. माय भिंतीकडे बघत होती. मी चोळीची गाठ सोडली. त्या बाईनं मला खिडकीपाशी उभं करून पाठ बघितली, काखेत बघितलं, लुगडं गुडघ्यावर घ्यायला लावून पाय बघितले. कुठं काही नव्हतं. तरी जाताना ती म्हणाली, "आत्ता नाही दिसून राह्यलं, पण मागून निघते कधी कधी." त्यांचा निरोप काही आला नाही.

त्या संध्याकाळी माय पहिल्यांदा दादावर बोलली. ओरडली नाही. माजघरात काय झालं ते तिनं त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "हे बी तुया मापात बसव."  दादा म्हणाला, "माय, म्या असं धरलं होतं की येणारा गेलेल्याले वळखत नाही." एवढंच बोलला. त्याचं गणित चुकलं नव्हतं. सोळा परके गिऱ्हाईक एकामागून एक येणार आणि एकाची खबर दुसऱ्याला नसणार, असं धरलं तर सगळं बरोबर होतं. कापसाला ते चाललं. कापसाची बदनामी होत नाही ना.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून तो मामाला घेऊन डोणगावला गेला. नाकारलेल्या घरी मुलीच्या भावानं पुन्हा दार वाजवायचं, म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. मामा अर्ध्या वाटेतून परत फिरायला निघाला होता, दादानं त्याला दंडाला धरून नेलं. तिथं काय घडलं ते दादानं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं, एकही पायरी न गाळता. एक गाळली होती. पण ते मला पुढं कळलं.

पंजाबराव खळ्यात होते. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. नारायणचं अजून कुठं ठरलं नव्हतं, तेवढी देवाची कृपा. मामा गोल गोल बोलायला लागला तसे पंजाबराव म्हणाले, "पण तुमची तं नावरास जुळत नव्हती. आता काय राशी हलल्या काय?"

मामाच्या जिभेवर काहीतरी तयार होतं. पण दादाला खोटं बोलता येत नव्हतं, दुसऱ्याकडून बोलवून घेता येत होतं तेवढंच. त्यानं सगळं सांगून टाकलं. सोळा स्थळं, पहिली सहा, माप. पंजाबरावांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमी कितवे?"

"चौथे."

"मनजे आमी त्या दिवशी घरून निघालो, एसटीत बसलो, तवाच तुमचं नाही ठरलं होतं?"

"हाव."

"मंग आमाले बोलावलं काऊन?"

दादा मला म्हणाला, या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं, पण ते तोंडातून निघेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर येत असून देता आलं नाही.  शेवटी तो म्हणाला, "माप कळाव म्हणून."

अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माये गुडघे धरले होते, मास्तर. तरी आलो. तुमच्या पोरीले ठाऊक होतं काय हे?"

"नाही."

"मनजे तिले बी नुसतंच नटवून बसवलं."

हे सांगताना दादानं माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला म्हणाले, "दादा, मी सहाही वेळा केसात फुलं माळली होती." त्यानं मान हलवली. मी म्हणाले, "तू बाजूलेच बसला होता." त्यानं पुन्हा मान हलवली. असा राग आला होता की त्याला काहीतरी फेकून मारावं. पण खाली मान घातलेल्या माणसाला काय मारणार? मी विचारलं, "मंग ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले," दादा म्हणाला. "वैशाखातला मुहूर्त काढू म्हणाले."

बाई गं, राग कुठल्या कुठं गेला. मला दुसरं काही ऐकूच येईना. इतका अपमान झालेली माणसं हो कशी म्हणाली, हे विचारायचं सुचलंही नाही. मी आत जाऊन मायच्या गळ्यात पडले.

वैशाखात आमच्याच अंगणात मांडव पडला. दादा सकाळपासून दिसला नव्हता, मला वाटलं मांडवाच्या गडबडीत असेल. मंगलाष्टकं झाली, हार घातले. मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवानं त्याला उपरणं द्यायचं. भटजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कोण?" कोणी पुढं येईना. पुन्हा हाक मारली. सगळा मांडव इकडं तिकडं बघायला लागला. मी नारायणकडे बघितलं, त्यालाही काही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "दादा कुठं हाये?"  तेव्हा मामा वाकून माझ्या कानाशी आला.

डोणगावला त्या दिवशी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी सोन्यासारखी हाये. तिच्यात काही खोट नाही. पण तुमच्यासंगं सोयरीक नाही करायची आमाले." तेव्हा दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माह्यासंगं नका करू. मी तुमच्या दारात कधी येणार नाही. लग्नात उभा राहणार नाही, सणावाराले येणार नाही. शालूले घ्या." पंजाबरावांनी विचारलं, "शब्द?" हा म्हणाला, "शब्द." मग ते हो म्हणाले.

आणि आता, माझ्या लग्नाच्या घडीला, तो चिखलीच्या शाळेत बंद वर्गात बसला होता. माझा स्वतःचा भाऊ. शेवटी मामाच्या धाकट्या पोराला पुढं केलं. त्यानं कान पिळला, लोक हसले, मीही हसायचं म्हणून हसले. नारायण मला हळूच म्हणाला, "मले हे ठाऊक असतं तं म्या बोललो असतो." मला त्याचं खरं वाटलं. पण तो तरी काय बोलणार होता बापापुढं?

डोणगावला माझे लाड झाले, खोटं का सांगू? सासूनं मुलीसारखं वागवलं. पण दादाची गोष्ट माझ्याआधीच त्या गावात पोचली होती. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "तूच काय ती, सहा नकारवाल्या मास्तरची बहीण?" आणि खो खो हसायच्या. आमचे सासरे घरी त्याचं नाव घेत नसत. कोणी पाहुणा विचारायला लागला, सूनबाईचा भाऊ काय करतो, की मी आत निघून जायची. मला त्याची लाज वाटायची. ज्यानं माझ्यासाठी स्वतःला माझ्या दारातून काढून टाकलं, त्याचीच.

पहिल्या दिवाळीला आम्ही माहेरी आलो. भाऊबीजेला मी दादाला पाटावर बसवून ओवाळलं. तो आणखी वाळला होता. ताटात त्यानं चांगलं इरकली लुगडं टाकलं, आणि मान वर करीना. मला भडभडून आलं आणि जे आलं ते रागावून आलं. मी म्हणाले, "दादा, तुनं मले एकदा बी विचारलं नाही. नाही म्हणताना विचारलं नाही. आणि डोणगावात तू शब्द देऊन आला, तेव्हा बी नाही. नवरा पाह्यजे का भाऊ, हे मले तं विचारायचं होतं ना?"

 तो म्हणाला, "खरं हाये. दोन्ही येळा तेच चुकलं. आता विचारतो. शब्द म्या दिला, तो मोडाचा तं म्याच मोडीन. तुह्या सासऱ्याच्या पाया पडीन. तू म्हण, येऊ का डोणगावले?"

आता विचार करते तर वाटतं, केवढं बोलला होता तो. शब्द मोडतो म्हणाला, हा माणूस. आणि मी काय बघितलं? मला दिसले ओसरीवर बसलेले सासरे, पाणवठ्यावरच्या बाया, आणि ते पुन्हा एकदा सुरू झालेलं हसणं. माझं नुकतं बसलेलं बस्तान मला दिसलं.

मी म्हणाले, "नको दादा."

"बरं," तो म्हणाला. उठला, पाट भिंतीला लावून ठेवला आणि बाहेर मायशी ज्वारीच्या कणसांबद्दल बोलायला लागला.

त्यानंतर त्यानं एक गोष्ट मला विचारल्याशिवाय केली नाही. शेतात काय पेरायचं ते विचारायचा. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मला एकटीला पुढं पाठवलं आणि सांगितलं, "तिले विचारून ये, मी पसंत हाये का. तिच्याच तोंडून ऐक." वहिनी हे आजही हसून सांगते. माझ्या दोन्ही बाळंतपणांना मी चिखलीला गेले, तो दवाखान्याच्या दाराशी दिवस दिवस बसून राहायचा. पण डोणगावचं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सासरे गेले. पाणवठ्यावरच्या बाया म्हाताऱ्या झाल्या, कोणाला काही आठवेना. सासू तर शेवटी शेवटी मलाच विचारायची, "शालू, तुहा भाऊ काऊन येत नाही वो कधी? भांडण झालं काय?" मी म्हणायची, शाळा असते त्याला. दर भाऊबीजेला तो पाटावर बसला की मला वाटायचं, आता विचारेल. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. पण गेलेला भाव मागून मिळत नाही, असंच तो शेवटपर्यंत धरून चालला. आणि ये म्हणून मी आपणहून सांगावं, तर मला लाज वाटायची.